वाळूचे तेल

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर दरसाल जून महिन्यात रंगाचा हात फिरतो, आणि रंग वाळला की चित्रकलेचे मास्तर त्यावर ठळक अक्षरांत तेच जुने सुभाषित पुन्हा रेखतात. वामन पंडितांनी भर्तृहरीच्या नीतिशतकाला जो मराठी अवतार दिला, त्यातले ते वचन. नेटाने रगडले तर वाळूतूनही तेल निघेल, अशा अर्थाचे. वाचकांपैकी बहुतेकांनी ते लहानपणी शुद्धलेखनाला गिरवले असेल, आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत हात उंचावून म्हटलेही असेल. मी स्वतः ते मुलांना वर्षानुवर्षे ऐकवत आलो. नापास झालेल्याला ऐकवले, पाढे न येणाऱ्याला ऐकवले, आणि फी भरायला उशीर झाला म्हणून रडवेल्या तोंडाने उभ्या राहिलेल्यालाही ऐकवले.

पंधरा-सोळा वर्षांमागची गोष्ट. सातवीच्या वर्गात मी ते असेच ऐकवत होतो. मागच्या बाकावरचा एक काटकुळा मुलगा उभा राहिला.

"गुरुजी, वाळूतनं तेल खरंच निघतं का? कुणी काढलंय का आजपर्यंत?"

प्रश्न सरळ होता. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर खोडीचा लवलेशही नव्हता. पण मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि उत्तर ठाऊक नसलेल्या मास्तराजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे आवाज. "खाली बस. जास्त शहाणपणा नको," मी गरजलो. वर्ग हसला. मुलगा बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. मास्तराला अशा शांततेचे त्या वेळी समाधानच वाटते. तिची लाज वाटायला पुढे बरीच वर्षे जावी लागतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मूळ श्लोकात भर्तृहरी प्रयत्नाचा महिमा सांगतच नाही. तो म्हणतो, एक वेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, ससाच्या डोक्यावरचे शिंगही सापडेल. पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाची समजूत घालता येणार नाही. आपण श्लोक अर्ध्यात तोडला, तेल तेवढे घेतले आणि मूर्ख सोडून दिला. त्या दिवशी वर्गात तो मूर्ख कोण होता, हे मी लिहायला नको.

असो. गेल्या वर्षी माझ्या स्कूटरच्या इंजिनातून तेल गळू लागले, म्हणून हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. मालक बाहेर आला आणि वाकून पाया पडला. तोच मुलगा! आता चांगला मिशीवाला गृहस्थ झालेला. त्याने इंजिनाचे झाकण उघडले, कडा खरवडून साफ केल्या, आणि दंतमंजनाच्या नळीसारखी एक नळी पिळून कडेकडेने लाल रंगाची गोळीबंद रेघ ओढली.

"काय रे हे?" मी विचारले.

"सिलिकोन, गुरुजी. इंजिन कितीही तापू द्या, हे वितळत नाही. तेल गळायचं नाव नाही."

"आणि हे कशाचं करतात?"

तो हसला. "ते तुम्हीच सांगायचं."

या वेळी मात्र मी आवाज चढवला नाही. घरी आलो, आणि तालुक्याच्या वाचनालयापासून सुरुवात करून वर्षभर या एका शब्दाचा पाठपुरावा केला. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, त्यातून रसायनशास्त्रात मी काठावर पास झालेला. तेव्हा वाट चाचपडतच चाललो. पण जे हाती लागले ते असे, की त्या मुलाच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. वाळूतून तेल निघते. माणसांनी ते काढले आहे. आणि ते कसे निघाले ही हकीकत सुभाषितापेक्षाही अधिक शिकवणारी आहे.

*

प्रथम वाळूचीच ओळख करून घेऊ. पांढरा, चकचकीत वाळूचा कण म्हणजे बारीक झालेली गारगोटीच. तिला शास्त्रज्ञ सिलिका म्हणतात. सिलिकॉन नावाचे एक मूलद्रव्य आणि आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन, या दोहोंच्या घट्ट मिठीतून ती बनते. पृथ्वीच्या कवचात वजनाने पहिला क्रमांक ऑक्सिजनचा आणि दुसरा सिलिकॉनचा. शंभर शेर खडक घेतला तर त्यात सुमारे २८ शेर सिलिकॉन भरेल. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण निम्मा सिलिकाच आहे. म्हणजे आजीचे जाते सिलिकॉनचे, पाटा-वरवंटा सिलिकॉनचा, पाण्याचा माठ सिलिकॉनचा, कंदिलाची काच सिलिकॉनची, आणि यंदाच्या दिवाळीत आपण उंबऱ्यावर लावलेली मातीची पणतीसुद्धा त्याच घराण्यातली. जन्मभर आपण त्याच्या अंगाखांद्यावर वावरतो, आणि नाव मात्र परीक्षेपुरते ऐकतो.

एवढा मुबलक असूनही हा पदार्थ सुटा म्हणून निसर्गात कुठेच सापडत नाही, कारण ऑक्सिजनची मिठी तो सोडत नाही. गारगोटीच्या पोटात कुठलेतरी अज्ञात मूलद्रव्य दडले असावे, असा तर्क फ्रान्सच्या लाव्हाझिएने १७८९ च्या सुमारास केला होता. पण ते बाहेर काढण्याचे श्रेय स्वीडनच्या बर्झेलियसचे. १८२४ साली त्याने पोटॅशियम या आडदांड धातूच्या मदतीने ती मिठी सोडवली, आणि त्याच्या हाती तपकिरी रंगाची भुकटी आली. चकमकीच्या दगडाला लॅटिनमध्ये 'सिलेक्स' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

इथे वाचकांनी एक गफलत टाळावी. सिलिकॉन आणि सिलिकोन हे दोन वेगळे शब्द आहेत. फरक एका मात्रेचा, पण संसार निराळे. सिलिकॉन हे मूलद्रव्य. अत्यंत शुद्ध करून, पातळ चकत्या कापून त्याचीच संगणकातली आणि खिशातल्या फोनमधली चिप बनते. १९५४ साली अमेरिकेत सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर विक्रीला आला, तेव्हापासून त्या शाखेचे नशीब असे उघडले की तिच्या कीर्तीने सारे जग दुमदुमले. सिलिकोन ही त्याची धाकटी पाती. हिचा गाजावाजा नाही. ही गॅरेजात राबते, स्वयंपाकघरात राबते, इस्पितळात राबते. माझी गोष्ट या धाकट्या पातीची आहे.

*

फ्रेडरिक स्टॅन्ली किपिंग यांचा जन्म १८६३ चा, इंग्लंडातल्या मँचेस्टरचा. तरुणपणी ते जर्मनीत म्युनिकला शिकायला गेले. तिथे त्यांना विल्यम पर्किन हे तरुण गुरू लाभले. गुरुशिष्यांचे इतके जुळले की पुढे दोघांनी मिळून सेंद्रिय रसायनाचे पाठ्यपुस्तक लिहिले, आणि ते कॉलेजांतून वर्षानुवर्षे चालले. एवढेच नव्हे, तर दोघे एकमेकांचे साडूही झाले! हॉलंड नावाच्या कुटुंबातल्या तीन बहिणी. एक पर्किन यांना दिली, एक किपिंग यांना, आणि तिसरी आर्थर लॅपवर्थ या तिसऱ्या नामांकित रसायनशास्त्रज्ञाला. दिवाळसणाला त्या घरी तिन्ही जावई जमत असते, तर जेवणापेक्षा वादच अधिक रंगले असते.

१८९७ मध्ये किपिंग नॉटिंगहॅमच्या कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि १८९९ पासून त्यांनी सिलिकॉनचा नाद घेतला. त्यांना तेल नको होते, रबर नको होते, पैसा तर मुळीच नको होता. त्यांना एक शुद्ध कुतूहल होते. कोळशाचे मूलद्रव्य जे कार्बन, त्याचे अणू चार हातांनी चार निरनिराळे सोबती धरू शकतात, आणि त्यामुळे एकाच पदार्थाची डावी आणि उजवी अशी दोन रूपे संभवतात. जसे आपले दोन तळवे सारखे असूनही एकावर एक बसत नाहीत. सिलिकॉनलाही चार हात. मग त्याच्याही पदार्थांत असे डावे-उजवे भेद असतील काय? एवढाच प्रश्न.

त्याच सुमारास फ्रान्सच्या ग्रिन्यारने मॅग्नेशियम धातू वापरून कार्बनचे तुकडे हवे तिथे जोडण्याची नवी युक्ती शोधली. किपिंग यांनी ती उचलली आणि सिलिकॉनच्या हातांवर कार्बनचे तुकडे एकेक करून बसवले. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १९०७ साली त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. होय, सिलिकॉनमध्येही डावे-उजवे असते. स्वच्छ, टणक, मोजून-मापून ठेवता येतील असे स्फटिक हाती आले की हा माणूस खूष होई.

पण प्रयोगांत दर वेळी एक विघ्न येई. सिलिकॉनच्या दोन हातांवर कार्बनचे तुकडे बसवले आणि उरलेल्या दोन हातांवरचे क्लोरीन पाण्याने धुऊन काढले, की त्यांच्या हिशोबाने एक नीटस, सुटसुटीत पदार्थ मिळायला हवा होता. कार्बनच्या दुनियेत अशा पदार्थांना कीटोन म्हणतात. त्याच धर्तीवर किपिंग यांनी या अपेक्षित बाळाचे नाव आधीच ठेवून टाकले: सिलिकोन. बाळ मात्र भलतेच निघाले. काचपात्राच्या तळाशी कधी घट्ट तेल जमे, कधी डिंकासारखा चिकट लगदा. तो स्फटिक होईना, गाळता येईना, उकळून वेगळा करता येईना. आणि भांड्याला चिकटला की निघता निघेना. आपल्या शोधनिबंधांतून किपिंग या डिंकांविषयी तक्रारीच्या सुरात लिहीत. नाव मात्र त्या डिंकालाच चिकटले ते कायमचे.

घडत होते ते असे. कार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही हातांनी एकमेकांना धरून जोडीने सुखाने राहतात. सिलिकॉनला ही जोडी मानवत नाही. तो एक हात इकडच्या ऑक्सिजनला देतो, दुसरा तिकडच्याला. तो ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो, आणि अशी फुगडी सुटून तिची लांबच लांब साखळी तयार होते. किपिंग यांच्या हेही ध्यानात आले होते की हे रेणू एकमेकांना जोडले जाऊन थोराड होत आहेत. परंतु थोराड रेणूंत त्यांना रस नव्हता.

या एका विषयावर त्यांनी सुमारे ४० वर्षांत पन्नासच्या वर निबंध लिहिले. १९३६ साली ते निवृत्त झाले, तेव्हा लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना बेकेरियन व्याख्यानाचा मान दिला. त्र्याहत्तर वर्षांचा तो वृद्ध आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडायला उभा राहिला. आणि शेवटी त्याने काय सांगितले? की रसायनशास्त्राच्या या शाखेत नजीकच्या काळात काही महत्त्वाची प्रगती होईल, अशी आशा फारशी दिसत नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ४० वर्षे वाळू रगडली. तेल गळलेही, अगदी शब्दशः गळले. पण ज्याने रगडले त्याला ते तेल वाटलेच नाही, भांड्याचा मळ वाटला. किपिंग यांच्याही आधी, १८७२ च्या सुमारास, लाडेनबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला असेच एक तेल मिळाले होते. शून्याखाली १५ अंशांच्या थंडीतही ते गोठत नव्हते. त्याने तशी नोंद केली, आणि जग पुढे गेले.

*

आता आपण अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचे एक गाव आहे, आणि त्या गावात त्याच नावाचा काचेचा मोठा कारखाना. १९३० च्या सुमारास या काचवाल्यांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. बाजारात प्लॅस्टिक नावाचा नवा पाहुणा आला होता. तो हलका होता, फुटत नव्हता. उद्या लोक काच घेतील कशाला? तेव्हा काच आणि प्लॅस्टिक यांच्या मधले काही निघते का पाहावे, म्हणून त्यांनी फ्रँकलिन हाइड नावाचा एक तरुण रसायनशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला.

हाइडपुढे अडचण अगदी व्यवहारातली होती. काचेचे धागे काढून त्यांच्या पट्ट्या विजेच्या मोटारींच्या तारांवर गुंडाळण्याचा विचार चालला होता. धागे उष्णतेला दाद देत नसत. पण त्यांना बांधून ठेवणारे रोगण जळून जाई. न जळणारे रोगण आणायचे कोठून? हाइडने जुने निबंध चाळले. त्यात नॉटिंगहॅमच्या प्रोफेसरांचे ते डिंकाचे रडगाणे त्याला सापडले. जे वाचून किपिंग यांच्या पिढीने नाक मुरडले, तेच वाचून हाइडचे डोळे चमकले. चिकट आहे, उकळत नाही, जळत नाही? मला तेच तर हवे आहे!

हाइडचे नमुने १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या वीजकंपनीच्या शास्त्रज्ञांनी पाहिले, आणि तिथल्या युजीन रोचो या तरुणाने विषय हाती घेतला. त्याचा विचार असा, की उष्णतेने पदार्थ खचतो तो कार्बनला कार्बन जोडलेला असतो त्या सांध्यात. मग साखळीवर कार्बनचे तुकडे बसवायचेच, तर सर्वांत लहान, एकाच कार्बनचा 'मेथिल' का बसवू नये? सांधाच नसला तर तुटणार काय? पदार्थ उत्तम झाला. मात्र तो करण्याची रीत ग्रिन्यारचीच, म्हणजे महाग मॅग्नेशियमची आणि पटकन भडका घेणाऱ्या ईथरची. असल्या रीतीने प्रयोगशाळेत वाटीभर माल निघेल, कारखान्यात नाही.

१९४० च्या मे महिन्यात रोचोने ती गाठ सोडवली. तापवलेल्या नळीत सिलिकॉनच्या भुकटीबरोबर थोडे तांबे ठेवले आणि तिच्यावरून मेथिल क्लोराइड नावाचा वायू सोडला. नळीच्या पलीकडच्या टोकाला द्रवाचे थेंब जमले. त्यात जे हवे होते तेच होते. तांबे इथे लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाचे काम करते. दोन्ही पक्षांची गाठ घालून देते आणि स्वतः बहुतांशी कोरडे राहते. योगायोग पाहा, याच सुमारास, युद्धामुळे एकमेकांच्या बातम्या बंद असताना, जर्मनीत रिचर्ड म्युलर यानेही स्वतंत्रपणे हीच रीत शोधली. म्हणून आज तिला दोघांचे नाव आहे.

आता वाळूचे तेल काढण्याची पाककृती सांगतो. गृहिणींनी हसू नये. गारगोटी आणि कोळसा विजेच्या प्रचंड भट्टीत सुमारे २,००० अंशांवर तापवायचा. कोळसा ऑक्सिजनला पळवून नेतो आणि सिलिकॉन उरतो. त्याची पूड करून, तांब्याच्या संगतीत, सुमारे ३०० अंशांवर मेथिल क्लोराइडचा वायू द्यायचा. निघालेला द्रव उंच मनोऱ्यांतून पुन्हा पुन्हा उकळून वेगळा करायचा, कारण त्यातले घटक अवघ्या तीन-चार अंशांच्या फरकाने उकळतात. मग त्यात पाणी घालायचे. साखळ्या जुळू लागतात. साखळी आखूड ठेवली की तेल, लांब करून थोडी एकमेकींत गुंतवली की रबर, आणि चहूकडून जाळे विणले की टणक राळ. एकाच कणकेची पोळी, पुरी आणि शंकरपाळे व्हावेत, तसे.

या पदार्थाचा स्वभाव समजायला अर्धनारीनटेश्वराची मूर्ती डोळ्यांसमोर आणावी. साखळीचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनचा, म्हणजे दगडाचाच. म्हणून तो आगीला बधत नाही. त्या कण्याच्या दोन्ही अंगांना मेथिलची झालर. ती रॉकेलच्या आणि मेणाच्या कुळातली. म्हणून पाणी तिला शिवत नाही, थेंब घरंगळून जातो. आणि कण्याचे सांधे इतके सैल, की कडाक्याच्या थंडीतही ते आखडत नाहीत. साधे रबर बर्फात कडक होते आणि आचेवर चिघळते. सिलिकोनचे रबर शून्याखाली ५०-६० अंशांपासून शून्यावर २०० अंशांपर्यंत तसेच लवचीक राहते. अर्धा दगड, अर्धे तेल. दोघांचेही गुण घेतलेले.

*

नव्या वस्तूला पहिले काम बहुधा युद्ध देते. २५-३० हजार फुटांवर हवा विरळ होते, आणि विमानाच्या इंजिनातली वीज ठिणगी पाडायच्या जागी भलतीकडेच झिरपू लागते. सिलिकोनचे एक वंगणासारखे लुकण त्या सांध्यांत भरले आणि वीज जागच्या जागी राहिली. एवढ्यासाठी १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

त्याच वर्षी एक गंमत झाली. मलायाचे रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेलेले, म्हणून अमेरिकेत जो तो नकली रबराच्या मागे. जनरल इलेक्ट्रिकच्या जेम्स राइट यांनी सिलिकोन तेलात बोरिक आम्ल घातले. बोरिक म्हणजे आपली मुले कॅरमवर शिंपडतात तीच पूड. त्याचा एक विलक्षण गोळा झाला. आपटला तर चेंडूसारखा उसळे, हळूच ओढला तर पाकासारखा लांबे, झटकन ओढला तर तुटे, आणि टेबलावर ठेवला तर रातोरात पसरून थारोळे होई. टायर करायला हा कुचकामी! कंपनीने तो ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांकडे पाठवून विचारले, याचा उपयोग काय? कुणालाही उत्तर सापडले नाही. शेवटी १९५० मध्ये पीटर हॉजसन या कर्जबाजारी जाहिरातवाल्याने तो प्लॅस्टिकच्या अंड्यांत भरून खेळणे म्हणून विकायला काढला, आणि तो हातोहात खपला. मोठमोठ्या पंडितांना न सुटलेला प्रश्न मुलांनी दोन मिनिटांत सोडवला. पुढे १९६८ साली चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेल्या अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी हाच गोळा आपली हत्यारे तरंगू नयेत म्हणून बरोबर नेला होता. त्यानंतरच्या वर्षी, १९६९ मध्ये, चंद्राच्या धुळीत माणसाच्या पावलाचा जो ठसा उमटला, तोही सिलिकोन रबराच्या तळव्याचाच.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती एका बापाची गोष्ट. जॉन होल्टर हा फिलाडेल्फियाचा कारागीर. कुलपांच्या कारखान्यात नोकरीला. १९५५ च्या अखेरीस त्याला मुलगा झाला तो पाठीच्या कण्यात व्यंग घेऊन, आणि त्यातून पुढे डोक्यात पाणी साचू लागले. असे पाणी नळीने रक्तात सोडून द्यावे हे डॉक्टरांना माहीत होते. पण पाणी जाईल आणि रक्त उलटे येणार नाही, अशी बारीक झडप कुणाजवळ नव्हती. शल्यवैद्य स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजावून घेऊन होल्टर घरच्या कारखान्यात बसला. रबराला बारीक चीर दिली तर आतून दाब आल्यावर ती उघडते आणि दाब सरला की मिटते, हे त्याने हेरले. पण साधे रबर निर्जंतुक करायला तापवले की बिघडे. उष्णता सोसणारे आणि शरीराला न बोचणारे रबर हवे होते. ते म्हणजे सिलिकोन. १९५६ मध्ये झडप तयार झाली. ती पहिल्याने बसवली गेली ती दुसऱ्याच एका बाळाला. होल्टरच्या मुलाला ती नंतर मिळाली, पण तोवर व्हायची ती हानी झाली होती. पाच वर्षांचा होऊन तो गेला. बापाने काम थांबवले नाही. जगभरची असंख्य मुले त्या झडपेमुळे जगली, मोठी झाली, शाळेत गेली.

आणि आपल्या घरात? बाळाच्या दुधाच्या बाटलीचे बोंड, केकचा लवचीक साचा, खिडकीच्या काचेभोवतीचे लुकण, ही तर झालीच. पण दिवाळीच्या फराळातही हे महाराज हजर असतात. तळणाला फेस येऊ नये म्हणून काही खाद्यतेलांत सिलिकोन घालण्याची कायद्याने मुभा आहे, दहा लाख भागांत फार तर १० भाग. आणि चकल्या-अनारसे जास्त झाले की पोटातल्या वायूवर आपण जे गुलाबी औषध घेतो, त्यातला 'सिमेथिकोन' म्हणजे पुन्हा सिलिकोनच. तो पोटातले बुडबुडे फोडतो. फराळाच्या आरंभी वाळूचे तेल आणि शेवटीही वाळूचेच तेल!

*

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती खोटी होईल. दगड रगडण्याची किंमत असते, आणि ती सुभाषितात लिहिलेली नाही. गारगोटीची बारीक धूळ छातीत गेली की फुप्फुसे हळूहळू दगडासारखी घट्ट होतात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारे औषध नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या दगडी पेन्सिली कापण्याचा मोठा धंदा होता. तिथल्या कामगारांची १९८० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिकांना हा रोग जडलेला आढळला. पुष्कळ जण ऐन तारुण्यात गेले. हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून ती पेन्सिल हलत नाही. मी तिनेच 'ग म भ न' शिकलो.

सिलिकोनच्याही माथ्यावर डाग आहेत. शरीरात बसवण्याच्या त्याच्या पिशव्यांवरून हजारो खटले झाले, आणि १९९५ मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे तज्ज्ञांच्या समितीला मोठ्या आजारांशी त्यांचा संबंध आढळला नाही. तरी पिशव्या फुटण्याचे आणि आखडण्याचे त्रास खरे होते. शिवाय जो पदार्थ आगीला, पाण्याला आणि काळाला दाद देत नाही, तो उकिरड्यावर टाकल्यावरही सहजी कुजत नाही, हे ओघानेच आले.

किपिंग १९४९ साली वेल्समध्ये वारले. तोवर त्यांच्या डिंकाचे कारखाने उभे राहिले होते. पुढे त्यांच्या नावाने अमेरिकेत पारितोषिकही सुरू झाले. त्यांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी रगडले नसते, आणि फसलेले प्रयोगही प्रामाणिकपणे लिहून ठेवले नसते, तर हाइडला सापडले असते काय? पण आशा नाही असे त्यांनी सांगितल्यावर हाइड आणि रोचो जर माझ्यासारख्या मास्तरासमोर मुकाट्याने खाली बसले असते, तर तेल गटारातच गेले असते.

गेल्या महिन्यात गॅरेजात गेलो आणि त्याला सारे सांगितले. तो चिंध्यांना हात पुसत ऐकत होता. मी म्हणालो, "तेव्हा तू विचारलं होतंस ना, वाळूतून तेल निघतं का? निघतं. मला ठाऊक नव्हतं, म्हणून तुला बसवलं. चुकलं माझं."

तो ओशाळला. "मला आठवत पण नाही, गुरुजी," म्हणाला. पण ते खरे नव्हते, हे दोघांनाही कळले. मग त्याने कोपऱ्यातले एक जळके झाकण उचलले आणि त्याच्या कडेवर बोट फिरवले. बोटाला पांढरी भुकटी लागली.

"हे सिलिकोन जळलं ना, की काळं पडत नाही. अशी पांढरी राख होते. ही कसली हो?"

मला ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले, आणि बघून येतो म्हणालो. उत्तर आता सापडले आहे: ती राख म्हणजे सिलिका. झालर जळून जाते, दगड उरतो. तेलाची पुन्हा वाळू होते. भाऊबीज झाली की फराळाचा डबा घेऊन मी ते त्याला सांगायला जाणार आहे. बहुधा त्याच्याजवळ पुढचा प्रश्न तयार असेल.